‘ऊबदार जागी तासभर’ म्हणजे नेमके किती अंशांवर?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत नुकताच ‘थंडीची चाहूल’ या मथळ्याखाली पानभर मजकूर आला. ओठ फुटू नयेत म्हणून काय लावावे, लोकरीचे कपडे कसे धुवावेत, पांघरुणांना ऊन कधी दाखवावे हे सगळे वर. आणि खाली, जाहिरातीतून उरलेल्या जागेत, घरच्या पावाची कृती. तिच्यात एक वाक्य होते : ‘पीठ मळून ऊबदार जागी तासभर ठेवावे, दुप्पट होते.’ माझी तक्रार या वाक्याविषयी आहे. पण आधी त्या पानाच्या एकूण सुराबद्दल बोलते, कारण दुखणे दोन्हीकडे एकच आहे.

शरद सरत आला की आपण सगळे थंडीच्या बंदोबस्ताला लागतो. मधले दिवस कुणाच्या खिजगणतीत नसतात. मला विचाराल तर वर्षातले सगळ्यांत चांगले दिवस हेच. सूर्य खाली आलेला असतो, त्यामुळे उन्हाळ्यात खिडकीच्या चौकटीतच अडणारे ऊन आता दुपारी थेट ओट्यापर्यंत येते आणि मैदा चाळताना उडणारा कण न् कण दिसतो. अंधार लवकर पडतो म्हणून लोक कुरकुरतात. २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस सर्वांत वेगाने आखडतो आणि पुढे हा वेग मंदावत जातो. उत्तर गोलार्धात तर सूर्यास्त डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आधीच पुन्हा उशिरा होऊ लागतो. म्हणजे संध्याकाळ सर्वांत लांब मिळते ती आत्ताच. पीठ भिजवायला, साचे पुसायला आणि निवांत वाट बघायला एवढा वेळ एरवी कधी मिळतो?

आणि पानगळ. ती पाहून उदास होणाऱ्यांचे मला नवल वाटते. पान पिवळे पडते असे आपण म्हणतो, पण तो पिवळा रंग त्यात उन्हाळाभर असतोच. हरितद्रव्याने तो झाकलेला असतो. दिवस लहान आणि रात्री गार झाल्या की झाड हरितद्रव्य नव्याने बनवणे थांबवते, पानातले नायट्रोजनसारखे उपयोगी घटक फांद्यांकडे ओढून घेते, आणि खालचा पिवळा उघडा पडतो. लाल रंगाची गोष्ट वेगळी. तो काही झाडे याच दिवसांत, पानात अडकलेल्या साखरेच्या जोरावर नव्याने तयार करतात. स्वच्छ उन्हाचे दिवस आणि गार रात्री लागोपाठ आल्या की तो अधिक चढतो. शेवटी देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होतो आणि पान सुटते. ही आवराआवर आहे, पद्धतशीर आणि सावकाश चाललेली. गारव्याने काम थांबत नाही, त्याची गती बदलते.

पिठाचेही तेच आहे, आणि इथेच तुमचा ‘तासभर’ गडबड करतो.

मी औषधनिर्माती होते. आता निवृत्त आहे, पण मोजल्याशिवाय काही मिसळायचे नाही ही हाताची सवय गेलेली नाही. यीस्ट हा जीव आहे आणि त्याचा वेग तापमानावर ठरतो. ढोबळमानाने सांगायचे तर पीठ २७ अंशांवर तासाभरात जेवढे फुगते, तेवढे फुगायला २० अंशांवर दोन तास लागतात, आणि १७-१८ वर त्याहूनही जास्त. (सगळे अंश सेल्सियस.) आता बाहेर गारवा आहे. तुमच्या वाचकाने घड्याळ लावले, तासाने झाकण उचलले, तर पीठ जेमतेम हललेले. मग तो तसेच भाजतो आणि घट्ट, ओलसर गोळा बाहेर काढतो. नाहीतर यीस्टचे चांगले पाकीट कचऱ्यात टाकतो. किंवा पुढच्या वेळी यीस्ट दुप्पट घालतो, आणि हे सगळ्यांत वाईट, कारण मग पावाला यीस्टचा वास येतो पण चव येत नाही.

माझ्या नणंदेचा दरवर्षी या दिवसांत फोन येतो. ‘वहिनी, यीस्ट मेलंय वाटतं हो.’ मी विचारते, स्वयंपाकघर किती अंशांवर आहे? त्यावर उत्तर ठरलेले : ‘गारच आहे की.’ तिचा दोष नाही. कुठल्याही कृतीत तिला आकडा दिलेला नसतो. ‘ऊबदार जागी’, ‘कोमट पाणी’, ‘खोलीच्या तापमानाचे लोणी’. कुणाची खोली? कोणत्या महिन्यातली? आमच्या व्यवसायात हे चालत नाही. अमेरिकी औषधकोशात ‘नियंत्रित खोली-तापमान’ म्हणजे २० ते २५ अंश आणि ‘थंड’ म्हणजे ८ अंशांच्या आत, असे स्पष्ट लिहून ठेवले आहे. औषधाला जो न्याय, तो पावाला का नको?

तर आकडे देते. हे गणित पाव करणारी मंडळी पूर्वापार करत आली आहेत आणि ते चौथीच्या मुलाला जमते. मळून झालेले पीठ २५ अंशांचे हवे असेल तर २५ ची तिप्पट करा : ७५. त्यातून खोलीचे तापमान वजा करा, कोरड्या पिठाचे वजा करा, आणि हाताने मळताना घर्षणाने ऊब येते तिच्यासाठी दोन-तीन अंश वजा करा. उरेल ते पाण्याचे तापमान. खोली २० आणि पीठ २० असेल तर पाणी ३२-३३ चे लागते. त्वचेचे तापमानही त्याच सुमाराचे असल्याने असे पाणी बोटाला ना गरम लागते, ना गार. खोली आणि पीठ दोन्ही ३० वर असतील, म्हणजे कडक उन्हाळ्यात, तर त्याच गणिताने पाणी १२-१३ अंशांचे, फ्रिजमधले येते. एकच कृती, पण दोन ऋतूंत पाण्यात वीस अंशांचा फरक! हे न सांगता ‘कोमट’ म्हणून मोकळे होणे म्हणजे वाचकाला वाऱ्यावर सोडणे.

थर्मामीटर नसेल तर खोबरेल तेलाची बाटली पाहावी. ते साधारण २४ अंशांना गोठते. कपाटातले तेल पांढरे दिसायला लागले की एवढे तरी नक्की कळते की एका तासाचा हिशेब आता धरायचा नाही.

आता आनंदाची बाजू. गारव्याशी भांडायचेच कशाला? लोक पिठाचे भांडे दिव्याखाली ठेवतात, ब्लँकेटमध्ये गुंडाळतात, गरम पाण्याच्या पातेल्यावर बसवतात. मी यातले काही करत नाही. मी यीस्ट कमी करते आणि रात्र वापरते. मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३२५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट १ ग्रॅम. रात्रीची जेवणे आटोपली की मळायचे, झाकण ठेवायचे, आणि १८-२० अंशांच्या ओट्यावर सोडून झोपायचे. सकाळपर्यंत ते आरामात दुप्पट झालेले असते. या दहा-बारा तासांत पिठातली एन्झाइम स्टार्च तोडून साखर मोकळी करत राहतात, आणि आंबण्यातून आम्ले व इतर चवदार द्रव्ये साठत जातात. तासाभराच्या पावाला ही चव येणे शक्यच नाही. कोंड्यासकट गव्हाचे पीठ वापरणार असाल तर पाणी ३७५ ग्रॅमपर्यंत वाढवा. कोंडा बराच पाणी पितो.

एक ग्रॅम यीस्ट मोजायचे कसे, हा प्रश्न येणारच. घरगुती वजनकाटा एवढ्या कमी वजनाला विश्वासाचा नसतो. इथे आमची जुनी विद्या कामी येते. औषधांच्या पुड्या आम्ही कशा करायचो? चार ग्रॅम पूड तोलून गुळगुळीत कागदावर सारखी पसरायची, सुरीच्या पात्याने अर्धी करायची, अर्ध्याची पुन्हा अर्धी. चार ढीग, चार पुड्या, प्रत्येकीत एक ग्रॅम. तीन पुड्या घट्ट झाकणाच्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवायच्या. नातवाला हे काम इतके आवडते की पाव नको असला तरी तो पुड्या बांधायला येतो.

सकाळी पीठ उलटून गोळा घडवायचा आणि पुन्हा दीड-दोन तास ठेवायचा. इथेही घड्याळापेक्षा बोट बरे : ओल्या बोटाने दाबल्यावर खळगा लगेच उसळून आला तर अजून थांबा, सावकाश आणि अर्धवट भरला तर ओव्हनची वेळ झाली. मी जाड बुडाचे झाकणाचे भांडे ओव्हनमध्येच २३० अंशांवर तापवते आणि पाव त्यात सोडते. पहिली वीस मिनिटे झाकण. पिठाचीच वाफ आत कोंडते, वरचा पापुद्रा मऊ राहतो आणि पावाला वर यायला वाव मिळतो. मग झाकण काढायचे, आच २०० वर आणायची आणि आणखी पंधरा-वीस मिनिटे. इथे रंग चढतो. साखर आणि अमिनो आम्ले यांच्यातली ही प्रक्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये मांडली, आणि तिच्यातून जो वास सुटतो त्याला घरातले कुणीही दाद दिल्याशिवाय राहत नाही. आमचे हे एरवी स्वयंपाकघरात फिरकत नाहीत. या दिवसांत ओव्हन लागला की त्यांची खुर्ची तिथे सरकते आणि आपल्या दैनिकाचे वाचन तिथेच होते. अग्रलेखासकट, मोठ्याने.

पाव झाला की नाही हे पाहायला वर टकटक करून आवाज ऐका असे सांगतात. ऐका हवे तर. मी मधोमध थर्मामीटर खुपसते. ९५ अंश दाखवले की झाले. आणि तासभर तरी कापत नाही. (पाहा, इथे तासभर चालतो.) आतला स्टार्च तोवर नीट बसलेला नसतो आणि सुरीला चिकट गर लागतो.

कुणी म्हणेल, जुन्या लोकांना कुठे थर्मामीटर लागत होते? इटलीतल्या पाँपेई या प्राचीन रोमन शहरातल्या एका भट्टीत १८६२ साली ८१ पाव सापडले, इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात आतल्या आत कोळसा झालेले. हा उद्रेक २४ ऑगस्टचा मानला जाई. २०१८ मध्ये तिथल्या एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबरची तारीख मिळाली, वर्ष न लिहिलेली. शरदातल्या फळांचे अवशेष आणि ऊब घ्यायला लावलेल्या शेगड्यांचे पुरावे आधीपासून होतेच. त्यामुळे बरेच अभ्यासक आता ऑक्टोबरअखेर धरतात. तसे असेल तर ते पाव याच दिवसांतले. तिथले गोल पाव वरून आठ भागांत रेघा पाडलेले असत, आणि मीही माझ्या पावावर तशाच रेघा ओढते. त्या भट्टीवाल्याकडे थर्मामीटर नव्हता, कबूल. पण तो रोज त्याच भट्टीपाशी उभा असे, त्याच्या हातालाच ऋतू कळत असणार. महिन्यातून एखाद्या रविवारी पाव करणाऱ्या माणसाकडे तो हात कुठून येणार? त्याला आकडाच द्यायला हवा.

केकचेही थोडे सांगते. लोणी आणि साखर फेटताना लोण्यात हवा कोंडायची असते, आणि ती नीट कोंडते लोणी १८ ते २० अंशांवर असताना. गार सकाळी ते दगडी असते. फेटणारा हात दुखतो, हवा काही आत जात नाही. लोण्याचे बारीक तुकडे करा आणि भांडे गरम पाण्याने विसळून, पुसून घ्या. फ्रिजमधली अंडी थेट फोडली तर मिश्रण फाटते, म्हणून ती कवचासकट दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवा. (‘कोमट’ म्हणजे ४० अंश. मी आकडा देते.) मग सफरचंदाच्या फोडी, दालचिनी, किसलेले जायफळ. एवढा केक या दिवसांत पुरे.

याच स्तंभात एका वाचकाने लिहिले होते की एका पावासाठी ओव्हन लावणे ही विजेची उधळपट्टी आहे. मुद्दा चुकीचा नाही. २००० वॅटचा ओव्हन तासभर लावला तर पुरती दोन युनिटे जळत नाहीत, कारण थर्मोस्टॅट अधूनमधून वीज तोडतो. तरी तापवलेला ओव्हन एका पावावर सोडून देणे मलाही पटत नाही. माझा क्रम उतरत्या आचेचा असतो. २३० वर पाव, मग १७० वर केक किंवा बिस्किटे, आणि बंद केल्यावर उरलेल्या उष्णतेत शिळ्या पावाचे तुकडे वाळवून त्यांचा चुरा. ओव्हनचे दार नंतर उघडे ठेवले की स्वयंपाकघर ऊबदार होते ते वेगळेच. लहान मूल घरात असेल तर मात्र हे करू नये.

शिळ्या पावावरून आठवले. पाव फ्रिजमध्ये ठेवा असा सल्ला आपल्याच पानावर मागे वाचला होता. कृपया तो मागे घ्यावा. पाव शिळा होतो तो केवळ सुकल्याने नव्हे. हे बुसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ मध्येच दाखवून दिले होते. स्टार्चचे रेणू पुन्हा जुळून घट्ट होतात, आणि ही क्रिया फ्रिजच्या तापमानालाच सर्वांत झपाट्याने होते. या दिवसांत कापडात गुंडाळलेला पाव ओट्यावर दोन-तीन दिवस छान राहतो. जास्त टिकवायचा असेल तर काप करून फ्रीझरमध्ये. आणि कडक झालेला पाव गरम केला की काही वेळापुरता पुन्हा मऊ होतो, तेव्हा तो टाकू नये.

विनंती अशी की यापुढे पाव-केकच्या कृती कपांऐवजी ग्रॅममध्ये छापाव्यात. कप भरण्याच्या पद्धतीवर मैद्याचे वजन बदलते. चाळून अलगद भरलेला आणि पिठात खुपसून दाबून भरलेला कप यांत सहज पंचवीस-तीस ग्रॅमचा फरक पडतो. जिथे जिथे पीठ ‘ठेवा’ असे लिहाल तिथे अंश लिहावेत. ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतले खरे तापमान यांत अंतर असू शकते, हेही एका ओळीत सांगावे. आत ठेवायचा साधा थर्मामीटर मिळतो. जागेची अडचण असेल तर लोकरीचे कपडे धुण्याचा मजकूर थोडा कमी केला तरी चालेल.

आणि थंडीच्या तयारीचे पान पंधरा दिवस पुढे ढकलता आले तर बघा. झाडांवर अजून निम्मी पाने आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त औषधनिर्माती

ता. क. : त्या कृतीच्या साहित्यात मीठ दिलेलेच नव्हते, तिसऱ्या पायरीत मात्र ‘मीठ घाला’ असे होते. पिठाच्या वजनाच्या दोन टक्के, म्हणजे ५०० ग्रॅमला १० ग्रॅम. मीठ विसरले तर पाव बेचव होतोच, शिवाय यीस्टला आवर राहत नाही आणि पीठ वेळेआधी फुगते. दुरुस्ती छापावी.